दोन बोटांचा सिंह

सिंहवाला: अगं हळू! बरगडी आहे ती माझी, बादलीची कडी नव्हे.

शहामृगवाली: मी नुसतं पाठीमागचं पोतं सारखं केलंय. डॉक्टर पट्टी आवळत होते तेव्हा बरे हूं की चूं केलं नाहीत!

सिंहवाला: डॉक्टर म्हणे! जनावरांचा डॉक्टर तो. पट्टी आवळली, मानेवर थोपटलं, 'शहाणा आहेस' म्हणाला आणि जाताना हातात गाजर ठेवून गेला.

शहामृगवाली: मग कुठंय गाजर?

सिंहवाला: खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

शहामृगवाली: बरं, आता ऐका. पहारेकरी सांगून गेला, साहेब निघालेत. पाणघोडीच्या तळ्यावरून चक्कर मारतील आणि मग इथे, या चाऱ्याच्या खोलीत. त्यांना काय सांगणार आहात?

सिंहवाला: त्यात सांगायचं काय? माणूस सिंहवाला, मार छातीवर. सरदाराने पंजा मारला. त्याने झेप घेतली, मी वळलो, त्याची आयाळ माझ्या तोंडावर, माझा हात त्याच्या जबड्या—

शहामृगवाली: अहो, सरदाराकडे आज मी होते.

सिंहवाला: ते साहेबांना कुठे माहीत आहे?

शहामृगवाली: आणि तुम्ही माझ्या शहामृगांकडे होता. का होता ते आठवतंय, की तेही जावईबापूंनी लाथ मारून डोक्यातनं बाहेर काढलं?

सिंहवाला: त्या पाखराचं नाव काढू नकोस माझ्यासमोर.

शहामृगवाली: काल जेवताना कोण म्हणालं, 'कोंबडीला दाणे टाकायचा कसला आलाय धोकाभत्ता'?

सिंहवाला: मोठी कोंबडी म्हणालो होतो.

शहामृगवाली: 'एक दिवस अदलाबदल करू. तुझ्या कुंपणातनं मी शीळ घालत बाहेर येतो. आलो तर भत्त्याचा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. नाही आलो तर साहेबांसमोर मी स्वतः तुझी बाजू मांडतो.' हे कोण म्हणालं?

सिंहवाला: जेवताना माणूस बोलतो गं.

शहामृगवाली: शीळ ऐकली मी तुमची. जरा वेगळ्याच सुरात होती. अख्ख्या प्राणिबागेने ऐकली. माकडं अजून नक्कल करताहेत.

सिंहवाला: तू जरा घरचा विचार कर. सिंहाने मारलं म्हटलं तर भरपगारी विश्रांती. गवत खाणाऱ्याने मारलं म्हटलं तर 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा'. पगार कापतात वर.

शहामृगवाली: हे तुम्ही मला सांगताय? गेल्या हिवाळ्यात जावईबापूंनी मांडीवर लाथ हाणली, तेव्हा कुणाला न सांगता लंगडत कामावर आले मी. तुम्हाला म्हटलं, जिन्यावरून घसरले.

सिंहवाला: ती लाथ होती?

शहामृगवाली: आपल्या घराला जिना आहे का?

सिंहवाला: नाही... मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी असेल.

शहामृगवाली: आणि तो घुबडवाला! दिवसभर घुबड झोपतं, शेजारी खुर्ची टाकून हा झोपतो. त्याला धोकाभत्ता. का, तर घुबड उंदीर खातं. आणि आमची पाणघोडीवाली, जिच्या जनावराच्या जबड्यात हा घुबडवाला खुर्चीसकट मावेल, तिला काही नाही. का, तर पाणघोडी पाला खाते.

सिंहवाला: नियम जुना आहे. ज्याने केला त्याला वाटायचं, बायकांना रक्त बघून भोवळ येते. म्हणून मांसाचे पिंजरे पुरुषांना, पाल्याचे बायकांना.

शहामृगवाली: झेब्रिणीचं बाळंतपण अडलं तेव्हा कोपरापर्यंत हात घालून पिल्लू मी आणि झेब्रावालीने काढलं. भोवळ कुणाला आली?

सिंहवाला: घुबडवाल्याला. पण तो बॅटरी धरून उभा होता गं, दमला असेल. आणि एक सांगू का? धोक्याची कामं शेवटी पुरुषांच्याच वाट्याला येतात. माझा भाऊ विजेच्या खांबांवर चढतो. तिथे वर एक तरी बाई दिसते का?

शहामृगवाली: नाही दिसत. आणि माझी बहीण इस्पितळात नर्स आहे. शुद्धीवर येता येता पेशंट तिला ओरबाडतात, एकाने तर दात उमटवले दंडावर. तुमचा भाऊ खांबावरून घसरला तर त्याला अपघात म्हणतात. माझ्या बहिणीला चावले तर त्याला सेवा म्हणतात.

सिंहवाला: भाऊ घसरला तर उठणार नाही गं. तसा एक गेलाय त्यांच्यातला.

शहामृगवाली: ठाऊक आहे. तुमच्या वहिनीबरोबर मीच जाऊन बसले होते त्या घरी. खांब मोजू नका असं मी कधी म्हटलं? खांब मोजा, पण लाथही मोजा, एवढंच म्हणतेय. काम सोपं म्हणून बायकांना देतात, का बायकांना दिलं म्हणून सोपं म्हणतात, हे मला एकदा साहेबांच्या तोंडून ऐकायचंय. त्यासाठी तुमचा एक शब्द हवाय. आम्ही बोललो की म्हणतात, बायका कुरकुरतात. सिंहवाला बोलला तर थांबून ऐकतील.

सिंहवाला: थांबून हसतील! अगं, नुसती लाथ असती तर सांगूनही टाकलं असतं. पण पुढचं? ते कुठल्या तोंडाने सांगू?

शहामृगवाली: ज्या तोंडाने काल पैज लावलीत.

सिंहवाला: लोक तिकिटं काढून मला बघायला येतात...

शहामृगवाली: सिंहाला.

सिंहवाला: आम्हा दोघांना! पोरं बोट दाखवतात, 'तो बघ, तो बघ सिंहवाला'. उद्या बोट दाखवून काय म्हणतील?

शहामृगवाली: तुमचं तुम्ही ठरवा. मी काही एक बोलणार नाही. पावलं वाजताहेत.

(साहेब रुमालाने चष्मा पुसत आत येतात आणि बसायला कोरडं पोतं शोधतात.)

साहेब: पडून राहा, पडून राहा. उठायची आवश्यकता नाही. तर, सदर घटनेबाबत माझ्या कानावर बरंच आलं आहे. घुबडवाला म्हणतो, सिंह. तिकीट-खिडकी म्हणते, सिंह. पाणघोडीवाली काहीच म्हणत नाही, तोंडावर हात धरून हसते. तेव्हा आता संबंधिताने स्वतः सांगावं. कोणत्या प्राण्याने मारलं?

सिंहवाला: साहेब, त्याचं असं झालं. सकाळची वेळ. ऊन कोवळं. मी आत पाऊल टाकलं आणि समोर तो! डोळे हे एवढे. मान ताठ.

साहेब: आयाळ पिंजारलेली?

सिंहवाला: आयाळ...

साहेब: हो, आयाळ.

सिंहवाला: आयाळ नव्हती, साहेब.

साहेब: सिंहाला आयाळ नव्हती?

सिंहवाला: सिंह नव्हता तो. शहामृग होतं.

साहेब: हा हा हा! वा रे पठ्ठ्या! बरगड्या मोडल्या तरी थापा शाबूत! मागच्या खेपेला काय म्हणाला होतास? सिंहाने जांभई दिली, तुझी टोपी आत ओढली गेली आणि दुसऱ्या दिवशी शिंकेबरोबर परत आली. आठवडाभर हसत होतो मी. घरी बायकोला सांगितलं, तीही हसली, आणि ती सहसा हसत नाही. बरं, झालं हसून. आता खरं सांग.

सिंहवाला: हेच खरं आहे, साहेब.

साहेब: पुरे आता.

शहामृगवाली: साहेब, हा यांचा शर्ट. छातीवर चिखलाचा ठसा आहे बघा. जरा बोटं मोजता?

साहेब: एक मोठं... हे बाजूला लहान. दोन.

शहामृगवाली: सिंहाला किती असतात?

साहेब: दोनपेक्षा अधिक असावीत. पाहावं लागेल.

शहामृगवाली: या की पाहून. दोन पावलांवर तर आहे सरदार.

साहेब: नको, नको. दोन बोटांचा सिंह नसतो, हे मान्य. म्हणजे खरंच शहामृग? पण तू त्यांच्याकडे काय करत होतास?

सिंहवाला: पैज, साहेब. आता लाज सोडूनच सांगतो. हिने सकाळी बजावलं होतं, झाडू डोक्यावर उंच धरून आत जा. आपल्याहून उंच दिसेल त्याच्या वाटेला शहामृग जात नाही. मी म्हटलं, मी काय मिरवणुकीत चाललोय? मी गेलो आपल्या रीतीने. सरदारासमोर मी कसा जातो, नजर खाली, अंग चोरून, वाकून, सावकाश. त्याला कळतं, हा काही भांडायला आलेला नाही. तसाच गेलो. तर जावईबापूंना वाटलं, हा बुटका कोण माझ्या अंड्यांपाशी घुसतोय?

साहेब: जावईबापू?

शहामृगवाली: नराचं नाव. कशावरूनही रुसतात. पुढ्यात काहीही ठेवा, मान फिरवतात. आणि खूश आहेत म्हणावं, तर तेव्हाच लाथ बसते.

सिंहवाला: अशी लाथ, साहेब, की मी कुंपणापर्यंत उडालो. यात तिळभर वाढवून सांगत नाही, हवं तर कुंपण बघा, वाकलंय. डोळ्यांपुढे काजवे. तेवढ्यात आठवलं, ही एकदा म्हणाली होती, अगदीच गळ्याशी आलं तर पालथं पडून राहावं, जमिनीवरच्या माणसाला त्याला नीट लाथ मारता येत नाही. पडलो पालथा.

साहेब: मग?

सिंहवाला: पुढचं सांगायलाच हवं का गं?

शहामृगवाली: मी काही बोलणार नाही म्हटलंय.

सिंहवाला: मग ते आलं आणि बसलं.

साहेब: कुठे बसलं?

सिंहवाला: माझ्यावर.

साहेब: म्हणजे हल्ला केला.

सिंहवाला: हल्ला केला असता तर बरं होतं. नीट बसलं, साहेब. चोचीने इकडून ढकललं, तिकडून ढकललं, मला पोटाखाली सारखं करून घेतलं. पंख पसरले. डोळे मिटले. साहेब, ते मला उबवत होतं.

साहेब: (तोंड फिरवून चष्म्याला हात लावतात.)

सिंहवाला: बघा, हसलात.

साहेब: हसलो नाही. चष्मा नीट करतोय. किती वेळ?

शहामृगवाली: मी येईपर्यंत. झाडू उंच धरून गेले, तर माझ्याकडे असं बघितलं त्यांनी, जशी काही मी त्यांचं सर्वांत मोठं अंडं पळवायला आलेय.

सिंहवाला: ऊब चांगली होती, ते मात्र खोटं नाही. पण साहेब, आता हसून झालं असेल तर ऐका. सिंह आधी सांगतो. कान पाडतो, शेपटी आपटतो, नाकाला सुरकुत्या आणतो. आपल्याला मागे सरायला वेळ देतो. ते पाखरू काही सांगत नाही. आणि ही तिथे रोज जाते, हातात एक झाडू घेऊन. माझी छाती रुंद आहे म्हणून बरगड्यांवर भागलं. हिला भत्ता मिळायला हवा. हे तिचा नवरा म्हणत नाही, सिंहवाला म्हणतोय.

साहेब: भावना पोहोचल्या. परंतु भत्त्याची तरतूद ठरलेली असते. हं... एक करता येईल. तुम्ही दोघं एकाच घरातले. सिंह आता म्हातारा झालाय, बहुतेक झोपूनच असतो असं माझ्या कानावर आहे. बाई, आज तुम्हीच त्याच्याकडे होता. तिथे आता धोका उरलेला नाही, एवढं तुम्ही सांगा. यांचा भत्ता काढतो आणि तुम्हाला देतो. घरातला घरातच राहील. कशी आहे युक्ती?

सिंहवाला: सांग गं. सांगून टाक. मी शब्द दिला होता.

शहामृगवाली: साहेब, सरदार झोपलेला नव्हता.

साहेब: बरं, मग बसलेला असेल.

शहामृगवाली: त्याची कोठडी झाडायची तर आधी त्याला बाहेरच्या अंगणात काढायचं आणि मधलं लोखंडी दार ओढून घ्यायचं. काढलं. दार ओढलं. कडी घालायला गेले तर कडी पडतच नाही, झिजलीय पार. दार नुसतं टेकलेलं. तेवढ्यात सरदार पलीकडून आला आणि डोकं दाराला लावलं. रागाने नाही हो, मांजर खांबाला अंग घासते ना, तसं. तेवढ्यानेच मी हातभर मागे सरकले. मी वळून पाठ लावली दाराला. आणि मग मान वळवून बघितलं, त्या काळ्या गजांवर दोन जागी लोखंड घासून चकचकीत झालंय. नेमकं यांच्या खांद्यांच्या उंचीवर.

साहेब: म्हणजे?

शहामृगवाली: म्हणजे हा माणूस रोज त्या दाराला पाठ लावून उभा राहतो आणि लांब झाडूने पुढचं झाडतो. पलीकडे सिंह, मध्ये यांची पाठ. आणि घरी येऊन मला सांगतो, सरदाराने शाबासकी दिली, म्हणून शर्ट खांद्यावर फाटला. मी हसत हसत टाके घालत बसते.

सिंहवाला: टाके फार सुबक असतात, साहेब.

शहामृगवाली: तुम्ही गप बसा. झाडूचा दांडा गजांत आडवा घातला तेव्हा कुठे बाहेर पडता आलं मला. तो दांडा धरतोय का हे बघण्यात अशी गुंतले होते की यांची शीळ कानात शिरायला वेळ लागला. तिथे धोका उरलेला नाही, हे मी सांगणार नाही, साहेब. असा भत्ता मला नको.

साहेब: पण अरे, एवढी गंभीर बाब! ही तू मला कळवली का नाहीस?

सिंहवाला: कळवली होती, साहेब. टोपीची गोष्ट झाल्यावर लगेच. तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, 'आणखी एक सांग'. मग मलाही राहवलं नाही. आणखी एक सांगितली.

साहेब: हं. कडी आजच बसेल. आत्ता मिस्त्रीला पाठवतो. यांचा भत्ताही राहील. पण बाई, तुमच्या बाबतीत मी तरी काय करू? नियमातला शब्द स्पष्ट आहे, 'मांसाहारी प्राणी'. शहामृग पडलं पालेभाजीवालं.

शहामृगवाली: काही करू नका, साहेब. फक्त एक उपकार करा. त्यांच्या संध्याकाळच्या पाल्याची वेळ झालीय आणि मला यांच्याजवळ बसायला हवं. ही बादली, तो झाडू. तेवढा पाला टाकून या.

साहेब: मी?

शहामृगवाली: धोका कसलाच नाही. पाला खाणारं पाखरू.

साहेब: मला बैठक आहे एक. शिपायाला सांगतो.

शहामृगवाली: शिपाई सकाळी कुंपणाबाहेर उभा राहून सगळं बघत होता. तो आत जाईल असं वाटत नाही.

साहेब: मग घुबडवाला?

सिंहवाला: त्याला आधी उठवावं लागेल.

साहेब: हं... बाई, एक विचारतो. हे शहामृग नुसता पालाच खातं का?

शहामृगवाली: पाला, दाणे, खडे. एकदा किल्ल्यांचं जुडगं गिळलं होतं.

साहेब: तसं नव्हे. नीट आठवा. घाई नाही.

शहामृगवाली: टोळ तर रोजचेच. आणि हो, परवा सरडा गिळला! अख्खा. शेपूट कितीतरी वेळ चोचीबाहेर वळवळत होती.

साहेब: सरडा! सरडा म्हणजे मांस.

सिंहवाला: निव्वळ मांस, साहेब!

साहेब: मग प्रश्नच मिटला. मी नेहमी म्हणतो, नियम चांगलेच असतात, वाचणारा हवा. शहामृग मांसाहारी. झालं तुमचं काम.

शहामृगवाली: माझं झालं. झेब्रावालीचं काय?

साहेब: झेब्रा सरडे खातो?

शहामृगवाली: नाही. पण गाजर भरवताना तिच्या करंगळीचं पेर गेलं.

साहेब: गेलं म्हणजे, खाल्लं?

शहामृगवाली: परत तरी आलं नाही.

साहेब: अरेरे! फार वाईट झालं. म्हणजे, माणूस म्हणून वाईट झालं, नियमाच्या दृष्टीने उत्तम झालं. झेब्रा मांसाहारी. पण पाणघोडीचं मात्र मला काही करता येईलसं दिसत नाही.

सिंहवाला: साहेब, तुमची बॅग कुठाय? नेहमी काखेत असते.

साहेब: बॅग? तळ्याच्या कठड्यावर जरा टेकवली होती, चष्मा पुसायला...

शहामृगवाली: चामड्याची होती का हो?

साहेब: अस्सल चामड्याची. का?

सिंहवाला: नाही, पाणघोडीवाली तोंडावर हात धरून का हसत होती, ते आत्ता कळलं.

साहेब: अरे देवा. त्यात माझा डबा होता.

शहामृगवाली: चामडं मांसातच धरायचं ना, साहेब?

साहेब: धरायचं. धरायलाच हवं. जातो मी. तळ्यावर पोचतो आधी, मग मिस्त्री. आणि हे पाहा, तुझी विश्रांती भरपगारी, मांसाहारी प्राण्याने जखमी केल्यामुळे. ते उबवण्याचं मात्र मी कुणापाशी बोलणार नाही, निश्चिंत राहा.

सिंहवाला: बोला की, साहेब. घुबडवाल्याने सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. फक्त नीट सांगा. चोचीने सारखं करून घेतलं, ते विसरू नका. खरी मजा तिथे आहे.

शहामृगवाली: गेले बाई एकदाचे. पळतच गेले. अहो, हे काय, उठताय कशाला?

सिंहवाला: मिस्त्रीला दार दाखवायला हवं ना. सरदार नव्या माणसाला बुजतो.

शहामृगवाली: पडून राहा. मी दाखवते. ओळख झालीय आमची.

सिंहवाला: ऐक ना. रागावलीस?

शहामृगवाली: साहेबांना तुम्ही ते दार निदान गमतीत घालून तरी सांगितलंत. मला गमतीतसुद्धा नाही.

सिंहवाला: तुला सांगितलं असतं तर काय झालं असतं? तू तिकडे जावईबापूंच्या समोर उभी आणि कान दिवसभर इकडे, सरदाराच्या कोठडीकडे.

शहामृगवाली: आणि इतकी वर्षं माझे कान कुठे होते, असं वाटतं तुम्हाला?